सरकारमान्य लिफ्ट

'सरकारमान्य' ही पाटी आपल्याकडे कुठल्या दुकानांवर लावलेली असते, ते सांगायची गरज नाही. पण अनोळखी माणसाच्या गाडीत बसून देशभर हिंडायला एका सरकारने मान्यता दिली, त्यासाठी पुस्तिका छापली, हिंडणाऱ्याचा विमा उतरवला आणि गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला वर बक्षीसही ठेवलं, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पोलंडमध्ये हे खरोखर घडलं. आणि एखाद्या उन्हाळ्यापुरतं नव्हे! १९५०च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेली ही योजना १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. ज्या राजवटीने ती सुरू केली ती कोसळली, तरी पुस्तिका काही वर्षं चालूच होती.

काळ लक्षात घ्यायला हवा. महायुद्धात वॉर्सा शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं आणि त्यानंतर स्टालिनच्या छायेतली वर्षं गेली होती. १९५६च्या ऑक्टोबरात कम्युनिस्ट नेते गोमुल्का सत्तेवर आले आणि फास जरा सैल झाला. विशीतल्या पोरापोरींना आता घराबाहेर पडायचं होतं. उत्तरेला बाल्टिकचा किनारा, ईशान्येला माझुरीची तळी, दक्षिणेला तात्रा पर्वत, सगळं आपल्याच देशात. पण तिथवर पोचायचं कसं? पश्चिम युरोपात जायचं तर पासपोर्ट मिळणं दुरापास्त. खिसा रिकामा. स्वतःची मोटार म्हणजे मूठभरांची चैन. रस्त्यावर धावत होते ते मुख्यतः सरकारी मालाचे ट्रक, आणि त्यांच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मोकळी असायची. मागचा हौदाही कितीदा तरी रिकामाच परतायचा.

या रिकाम्या जागा आणि ही रिकाम्या खिशाची पोरं यांची गाठ घालून द्यायची, एवढीच मूळ कल्पना. १९५७ साली तिचा प्रयोग झाला. 'दोओकोवा श्फ्याता' नावाच्या तरुणांच्या साप्ताहिकाने तिला पाठबळ दिलं आणि पुढच्याच वर्षी रीतसर समिती नेमून योजना उभी राहिली.

ती चालायची कशी, ते पाहण्यासारखं आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रवाशाने थोडे पैसे भरून एक पुस्तिका विकत घ्यायची. पुस्तिकेसोबत अपघात विमा यायचा. आत किलोमीटर छापलेली कुपनं असायची. रस्त्याच्या कडेला उभं राहून अंगठा दाखवण्याऐवजी ही पुस्तिकाच उंच धरायची. ट्रक थांबला की चढायचं. उतरताना, जितके किलोमीटर प्रवास झाला तितक्या किलोमीटरची कुपनं फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि टाटा करायचा. ड्रायव्हर ती साठवायचा आणि हंगाम संपला की समितीकडे पाठवून द्यायचा. ज्याच्याकडे सर्वांत जास्त कुपनं जमली त्याला बक्षीस, आणि बाकीच्यांची नावं सोडतीत.

आता या कागदाच्या कपट्याने काय काय साधलं, ते बघा. अनोळखी माणसासाठी गाडी थांबवताना ड्रायव्हरच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर त्या पुस्तिकेत होतं. हा कोण? समितीकडून पुस्तिका घेतलेला कुणीतरी. वाटेत काही झालं तर? विमा आहे. सरकारी ट्रकमध्ये बाहेरचा माणूस बसवला म्हणून साहेबाने हटकलं तर? योजनाच सरकारी आहे. आणि शेवटचा, सर्वांत नाजूक प्रश्न, जो ड्रायव्हर स्वतःलासुद्धा विचारत नाही: मी कशाला थांबू? त्याचं उत्तर कुपन.

माझं मत असं, की त्या सोडतीतल्या बक्षिसाच्या आशेने फार थोडे ड्रायव्हर थांबत असतील. शेकडो किलोमीटरच्या एकसुरी रस्त्यावर गप्पा मारायला कुणीतरी हवं असतं, हे कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. पण 'मला सोबत हवी होती' किंवा 'पोराची दया आली' असं सांगायला माणसं संकोचतात. चांगलं वागायलाही त्यांना एखादं व्यवहारी निमित्त लागतं. 'चार कुपनं मिळणार होती, म्हणून घेतलं' असं म्हटलं की विषय संपतो. घेणाऱ्याचंही तेच. फुकट प्रवास करणारा माणूस ओशाळतो. हातात कुपन असलं की तो याचक उरत नाही, देवघेवीतला भागीदार होतो.

पाहता पाहता हे लोण तिथल्या संस्कृतीत मुरलं. १९६३च्या सुमारास कारिन स्तानेक या गायिकेचं लिफ्टच्या प्रवासावरचं गाणं देशभर गाजलं. त्याच्या आदल्या वर्षी रोमान पोलान्स्कीचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट आला, 'नाइफ इन द वॉटर'. त्याची सुरुवातच अशी, की मोटार बाळगणारं एक सुखवस्तू जोडपं रस्त्यात उभ्या असलेल्या एका पोराला गाडीत घेतं. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला तो पहिला पोलिश चित्रपट. पुढे खाजगी गाड्या वाढल्या, १९८०च्या दशकात पेट्रोलचं रेशनिंग आलं, मग राजवट बदलली आणि पुस्तिकेचे दिवस भरले. लिफ्ट मागणं मात्र संपलं नाही. व्रोत्स्वाफ शहरातले विद्यार्थी अजूनही दर वर्षी जोड्या-जोड्यांनी रस्त्यावर उतरतात आणि केवळ लिफ्ट मागत परदेशातल्या ठरलेल्या गावी आधी कोण पोचतो, याची शर्यत लावतात. शेकडो जोड्या असतात त्यात.

पोलंडचं नाव निघालं की कोल्हापूरकरांना वळिवडे आठवतं, आणि ते आठवणं इथे अस्थानी नाही. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलून दिलेली पोलिश कुटुंबं सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली; त्यांत बायका आणि मुलंच जास्त. कोल्हापूरची आठवण म्हणून वॉर्सात आज स्मारक उभं आहे. परक्या मुलखात अनोळखी माणसांनी आसरा देणं म्हणजे काय, हे त्या देशातल्या काही घरांना पुस्तिका छापली जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तर मूळ प्रश्न. कोण थांबतं, आणि का?

आपल्याला वाटतं, चांगली माणसं थांबतात आणि वाईट थांबत नाहीत. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याने या समजुतीला चांगलाच सुरुंग लावला. प्रयोगासाठी त्यांनी निवडले ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातले, पुढे पाद्री होऊ घातलेले विद्यार्थी. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं आहे. काहींना विषय दिला बायबलमधल्या त्या सुप्रसिद्ध गोष्टीचा: वाटेत लुटल्या गेलेल्या, जखमी होऊन पडलेल्या माणसाला पाहून धर्मगुरू पुढे निघून जातो आणि परका शोमरोनी थांबतो. मग काहींना सांगितलं, 'उशीर झालाय, पळा'. काहींना, 'निघा आता'. तर काहींना, 'अजून वेळ आहे, सावकाश जा.' वाटेतल्या बोळात, एका दाराशी, एक माणूस मान टाकून खोकत-कण्हत बसलेला होता. तो अर्थातच प्रयोगकर्त्यांनी बसवलेला.

ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे परोपकाराची गोष्ट सांगायला निघालेले काही भावी पाद्री कण्हणाऱ्या माणसाला वळसा घालून पुढे गेले, कारण परोपकारावर बोलायला उशीर होत होता!

हे वाचून माणसाच्या ढोंगीपणावर तोंडसुख घेता येतं, आणि बऱ्याच जणांनी ते घेतलंही. मला मात्र त्यातला पहिला आकडा जास्त नवलाचा वाटतो. नुसती घाई काढून घेतली, बाकी काहीही बदललं नाही, तरी दहातले सहा जण थांबले. त्यांना कुणी वेगळा उपदेश केला नव्हता. दिली होती ती फक्त काही मिनिटं.

दुसरी एक गंमत १९७४ सालची. मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला उभं राहून शेकडो गाड्यांना हात केले. निम्म्या वेळा येणाऱ्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत पाहायचं, निम्म्या वेळा नजर दुसरीकडे ठेवायची, एवढाच फरक. डोळ्यांत पाहिलं की थांबणारे स्पष्टपणे वाढले. एकटी बाई उभी असली तर थांबणारे जास्त, एकटा पुरुष असला तर कमी, हेही दिसलंच. पण नजरेचा परिणाम सगळीकडे होता. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला तुमचे डोळे दिसतात ते एखादा क्षण. तेवढ्यात 'रस्त्यावरचं कुणीतरी'चा 'हा माणूस' होतो, आणि ब्रेकवर पाय पडतो.

मुद्दा पैशांचा आला तर? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रचंड प्रयोग छापून आला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं 'हरवली'. हॉटेल, बँक, टपाल कचेरी अशा ठिकाणी जाऊन, 'हे बाहेर सापडलं' म्हणून ती तिथल्या माणसाकडे द्यायची आणि निघून जायचं. पाकिटात किल्ली, वाण्याच्या सामानाची यादी आणि मालकाचा ईमेल पत्ता. काहींत पैसे नाहीत, काहींत थोडे. पैसे नसलेली पाकिटं परत करण्यासाठी ४० टक्के लोकांनी संपर्क साधला. पैसे असलेल्या पाकिटांसाठी? ५१ टक्क्यांनी! बहुतेक सर्व देशांत हेच. मग त्यांनी तीन देशांत रक्कम आणखी बरीच वाढवून पाहिली. अमेरिका, ब्रिटन आणि, योगायोग पाहा, पोलंड. तिथे प्रमाण गेलं ७२ टक्क्यांवर. अर्थशास्त्रज्ञांसकट बहुतेकांना आधी याचा अंदाज आला नव्हता. लोकांना चोर म्हणवून घ्यायचं नसतं, स्वतःच्या मनातसुद्धा; आणि पाकीट जितकं जड, तितकं ते म्हणवून घेणंही जड जातं.

आता पुन्हा लिफ्टकडे. क्यूबाची कथा पोलंडहून वेगळी, पण गोत्र तेच. १९९१मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि क्यूबाला मिळणारं स्वस्त तेल आटलं. बस बंद पडू लागल्या. चीनमधून लाखो सायकली आल्या, शेतात नांगराला पुन्हा बैल जुंपले गेले. आणि शहराच्या वेशीवर, महामार्गाच्या फाट्यावर पिवळ्या गणवेशातली माणसं उभी राहिली. लोक त्यांना 'आमारियो' म्हणू लागले, म्हणजे पिवळे. हातात वही. प्रवासी त्यांच्याकडे येऊन कुठे जायचं ते सांगणार आणि रांगेत उभे राहणार. सरकारी नंबरपाटीची गाडी दिसली की पिवळा डगलेवाला हात दाखवणार. गाडीत जागा असेल तर थांबणं सक्तीचं. डॉक्टर, शिक्षिका, शाळकरी पोरं, कोंबड्यांची टोपली घेतलेली आजी, जो तो आपापल्या वाटेवरच्या गाडीत. इथे कुणाच्या दयेचा प्रश्नच ठेवला नाही. रिकामी जागा ही सरकारची मालमत्ता, आणि ती वाया घालवायची नाही, इतका रोखठोक हिशोब. पोलंडने गोडीगुलाबीने जे केलं ते क्यूबाने हुकुमाने केलं. मला पोलिश पद्धत जास्त आवडते; पण माझ्या गावची बस बंद पडली नाही, हेही खरं.

आणि भांडवलशाहीची राजधानी वॉशिंग्टन? तिथे तर कुणी योजनाच आखली नाही. १९७०च्या दशकात उपनगरांतून शहरात येणाऱ्या महामार्गावर जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी वेगळी, मोकळी मार्गिका राखली गेली. एकट्याने गाडी चालवणारे गर्दीत अडकून पडायचे. त्यांच्या लक्षात आलं, की बसथांब्यावरची माणसं गाडीत घेतली की आपणही मोकळ्या मार्गिकेत. बघता बघता रांगा लागू लागल्या. गाडीवाला येणार, ठिकाणाचं नाव सांगणार, रांगेतले पहिले काही जण बसणार. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, आणि ड्रायव्हरने विषय काढल्याशिवाय गप्पा मारायच्या नाहीत. हे अलिखित नियम पाळत परक्या गाडीत बसून कचेरीला जाणारे लोक तिथे अनेक दशकं आहेत. पोलंडच्या ट्रकमधली गंमत यात नाही, हे कबूल.

आता या सगळ्यातला सर्वांत विक्षिप्त प्रवासी. तो माणूसच नव्हता.

२०१४च्या जुलैत कॅनडाच्या पूर्व टोकाला हॅलिफॅक्स शहराबाहेर रस्त्याच्या कडेला एक यंत्रमानव बसवला गेला. नाव हिचबॉट. उंची लहान मुलाएवढी. धड म्हणजे प्लॅस्टिकची बादली. हातपाय म्हणजे पोहायला शिकताना वापरतात त्या फोमच्या नळ्या. हातात रबरी मोजे, पायात पिवळे गमबूट. डोक्यावर केक झाकायचं पारदर्शक झाकण, आणि त्याच्या आत दिव्यांनी रेखलेला हसरा चेहरा. फ्राउके झेलर आणि डेव्हिड हॅरिस स्मिथ या दोन प्राध्यापकांनी तो बनवला. मुद्दामच गबाळा बनवला, म्हणजे कुणाला त्याची भीती वाटू नये आणि चोरावासाही वाटू नये. त्याला चालता येत नव्हतं. एक हात हलवून लिफ्ट मागता यायची, थोडंफार बोलता यायचं, आणि तो कुठे आहे ते उपग्रहावरून कळायचं. बॅटरी संपली की कुणीतरी चार्ज करायला लावल्याशिवाय सगळं ठप्प. आजवर माणसं विचारत आली, की यंत्रांवर विश्वास ठेवावा का. या दोघांनी प्रश्न फिरवला. यंत्राने माणसांवर विश्वास ठेवावा का?

कॅनडातल्या माणसांनी उत्तर दिलं. लोकांनी गाड्या थांबवल्या, त्याला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला, रात्री घरी नेऊन प्लगला जोडलं, सकाळी पुन्हा रस्त्यावर नेऊन सोडलं. वाटेत तो एका लग्नाला गेला, आदिवासींच्या एका सोहळ्यात सामील झाला. २६ दिवसांत, १९ गाड्या बदलून, सुमारे १० हजार किलोमीटर ओलांडून तो पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियाला सुखरूप पोचला. पुढच्या वर्षी तो जर्मनी फिरला, नेदरलँड्स फिरला. मग १७ जुलै २०१५ला अमेरिकेतल्या सेलम गावाहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला. १ ऑगस्टला फिलाडेल्फियातल्या एका रस्त्यावर त्याचे हात तोडलेले आणि डोकं गायब झालेलं असे अवशेष सापडले. डोकं शेवटपर्यंत मिळालं नाही.

या बातमीने जगभर हळहळ झाली आणि 'शेवटी माणूस तो माणूसच' असे उसासे निघाले. हिशोब मांडला तर चित्र उलटं दिसतं. तीन देश त्याने पार केले, चौथ्यात दोन आठवडे काढले. एवढ्या काळात किती तरी माणसांनी त्याला उचललं, जपलं, पुढे पोचवलं. तोडणारा एखादाच भेटला. पण तोडायला एखादाच पुरतो, ही यातली खरी अडचण.

आणि यंत्राच्या जागी हाडामांसाचं माणूस असतं तेव्हा ती अडचण हळहळीवर भागत नाही. ऑस्ट्रेलियात इव्हान मिलाट नावाच्या माणसाने लिफ्टच्या निमित्ताने गाठलेल्या सात तरुण प्रवाशांना ठार मारलं. १९९६मध्ये त्याला जन्मठेप झाली, २०१९मध्ये तो तुरुंगातच मेला. लिफ्टच्या प्रवासाचं कौतुक सांगणाऱ्या लेखांत हे नाव बहुधा गाळलेलं असतं. गाळू नये. बाईमाणसाला एकटीने परक्या गाडीत बसताना जो विचार करावा लागतो तो पुरुषाला करावा लागत नाही, हेही गाळू नये. पण त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. जानेवारी १९९०मध्ये एक ब्रिटिश तरुण मिलाटच्या गाडीत बसला. पिस्तूल बाहेर निघताच तो उडी मारून महामार्गावर पळाला आणि समोरून येणाऱ्या गाडीपुढे आडवा झाला. गाडी चालवत होती एक बाई. गाडीत लहान मुलं. तोफगोळ्यासारखा अंगावर आलेला हा घाबरलेला, परका पुरुष पाहून तिने गाडी पिटाळली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने त्याला आत घेतलं आणि पोलीस ठाण्यात पोचवलं. पुढे त्या तरुणाची साक्ष खटल्यात मोलाची ठरली.

भीतीला कारण असतं, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. मदत मागायची वेळ आली की आपला अंदाज चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली हे तपासलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, अनोळखी लोकांकडे जाऊन छोटी मदत मागा: प्रश्नावली भरून द्या, फोन करायला मोबाइल द्या, जिमखान्यापर्यंत वाट दाखवायला चला. त्याआधी अंदाज लिहा, किती जणांना विचारावं लागेल? प्रत्यक्षात जवळपास निम्म्या माणसांतच काम भागलं. नकार देणाऱ्याला किती अवघड वाटतं, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आपल्या फाट्यांवर हे रोज घडतं. एसटी चुकलेला माणूस हात करतो. 'दादा, पुढच्या फाट्यापर्यंत सोडता का?' 'बसा.' एवढ्यावर काम होतं. कुणी कुणाचं नाव विचारत नाही, आणि कुणाला यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखंही काही वाटत नाही.

विनोबांना मागण्यातलं हे मर्म पुरतं उमगलं होतं. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेला हा माणूस भूदानासाठी भारतभर दारोदार जमीन मागत चालला होता. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत चालत निघाले, तेव्हा आशीर्वाद मागायला ते विनोबांकडे गेले. विनोबांनी सल्ला दिला, की बरोबर पैसा घेऊ नका. ऐकायला शिक्षा वाटते, पण तर्क अचूक आहे. पैसा असला की दमलेला माणूस खाणावळ गाठतो, खोली घेतो, झोपतो. गावातल्या कुणाशी बोलायची वेळच येत नाही. पैसा नसला की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. मग घरातले विचारतात, कोण तुम्ही, कुठून आलात, असे का हिंडता? बोलणं आपोआप सुरू होतं. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडून ते दोघं सोव्हिएत संघात शिरले, पोलंडमधून पुढे गेले, समुद्र जहाजाने ओलांडला आणि १९६४च्या सुरुवातीला वॉशिंग्टनला पोचले. सोव्हिएत संघातल्या एका चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांच्याजवळ चहाच्या चार पुड्या दिल्या, चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना देण्यासाठी. बाँबचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी चहा करून प्या, असा निरोप होता.

कुपन असो, थोडी सवड असो की रिकामा खिसा, या सगळ्यांनी माणसाला चांगलं केलं नाही. तो थांबायला तयार होता. त्याच्या वाटेतलं काहीतरी दूर केलं, एवढंच. म्हणून शेवटी आपल्या रस्त्यांबद्दल. अपघात झालेला दिसला तरी लोक गाडी पुढे काढतात, ते निर्दय असतात म्हणून नव्हे. पोलीस, कोर्ट, साक्षीच्या तारखा यांची धास्ती असते म्हणून. ती धास्ती काढायची सोय कायद्यात झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२०मध्ये त्याचे नियमही झाले. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव, पत्ता किंवा फोन नंबर सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने ठरवायचं. जखमीला दवाखान्यात पोचवून तो लगेच निघून जाऊ शकतो. वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं. घरात, सोसायटीत, गावातल्या रिक्षा स्टँडवर सांगा.